पोटभाडेकरू

लाखाच्या घरात पैसे मोजून मी मॅक घेतला तो पेजमेकर चालवण्यासाठी, हे मी आजवर तिघांनाच सांगितलं आहे. पहिला पोट धरून हसला. दुसऱ्याला पेजमेकर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तिसरी बायको. ती हसली नाही. पेजमेकर म्हणजे काय हे तिला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे, कारण आमच्या लग्नाची पत्रिका मीच त्यात लावली होती आणि तिच्या वडिलांच्या नावाआधीचा ‘श्री.’ वरच्या ओळीच्या टोकाला एकटाच लटकत राहिला होता. सासरे अजूनही ती पत्रिका पाकिटात ठेवून आहेत. प्रेमानं नव्हे, पुरावा म्हणून.

पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती 2001 साली आली. मग जग इनडिझाइनकडे वळलं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास गल्लीबोळांतून बसलेले आम्ही काही डीटीपीवाले मात्र वळलो नाही. याचं कारण निष्ठा आहे असं मी चारचौघांत सांगतो. खरं कारण म्हणजे माझ्याकडे 1999 पासूनच्या पत्रिका साठवलेल्या आहेत. नवं गिऱ्हाईक आलं की जुनी फाइल उघडायची, वधू-वर बदलायचे, कार्यालय बदलायचं, झालं. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ हे वाक्य तर मी एकदाच टाइप केलंय. खाली सही करणारी चिंटू-पिंकी मंडळी बदलत गेली. पहिल्या पत्रिकेतला चिंटू परवा स्वतःची पत्रिका घेऊन आला, तेव्हा त्यालाही तेच वाक्य गेलं.

आता हे सगळं मराठी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहे. तो फाँट ज्या सॉफ्टवेअरसोबत येतो, ते सॉफ्टवेअर संगणकाला मागून लॉक लावल्याशिवाय उघडत नाही. लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची पुडी. ती काढली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डॉलर, टक्का, अर्धा कंस आणि एक उद्गारचिन्ह दिसायला लागतं. भाचा म्हणतो, “मामा, युनिकोडवर ये ना.” त्याला काय जातंय? बावीस हजार चिंटू-पिंकी त्याला पुन्हा टाइप करायच्या नाहीत.

तर मग मॅक कशाला?

आमच्या धंद्यात एक उतरंड आहे. विंडोजवर काम करतो तो ऑपरेटर. मॅकवर काम करतो तो डिझायनर. काम तेच, चहा तोच, पण ऑपरेटरला गिऱ्हाईक “जरा सरका” म्हणतं आणि त्याच्या माऊसवर हात ठेवतं. डिझायनरला लांबून विचारतं, “हे जरा डावीकडे घेतलं तर कसं वाटेल तुम्हाला?” दरसुद्धा दुप्पट. गणपतीच्या सुमारास एका जाहिरात संस्थेच्या मॅडमचा दिवाळी अंकाच्या कामासाठी फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही मॅकवर करता ना?”

मी म्हटलं, “हो.”

हा शब्द मला एक लाखाला पडला. त्याच आठवड्यात माझा जुना संगणक सुरू व्हायचं बंद झाला. रोज सकाळी तो काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी बडबडे आणि तिथेच थांबे. मला हा दैवी संकेत वाटला. पैसे खर्च करायचे ठरले की माणसाला सगळीकडे संकेतच दिसतात.

भाचा हिंजवडीला असतो. त्याच्याकडे मॅक आहे, म्हणजे मॅक या विषयावर त्याला मत आहे. त्याला फोन केला.

“मॅकवर आपलं विंडोज चालेल का रे?”

“मस्त चालतं मामा. 2006 पासून चालतं.”

“मग विंडोजवर विंडोज चालवलं तर?”

“मामा, तुला मॅक हवाय की नकोय?”

मग त्यानं अर्धा तास शिकवणी घेतली. 2006 साली मॅकमध्ये इंटेलची चिप आली, त्याच एप्रिलमध्ये अ‍ॅपलनं बूट कॅम्प नावाची सोय स्वतःहून दिली, संगणक सुरू करताना एक कळ दाबून धरायची, मॅक की विंडोज ते निवडायचं. एवढंच नाही, 2007 मध्ये पीसी वर्ल्ड या अमेरिकन मासिकानं लॅपटॉप तपासले, तर त्या वर्षी त्यांच्याकडे विंडोज व्हिस्टा सगळ्यात वेगानं पळवणारा लॅपटॉप निघाला मॅकबुक प्रो. मला हे पटलं. घरात ऊतमात करणारं पोर परक्याच्या घरी कसं मांडी घालून, ताटातलं सगळं संपवून उठतं, तसंच हे.

दुकानात टी-शर्टमधल्या पोरानं विचारलं, “सर, यूज काय आहे? व्हिडिओ एडिटिंग? म्युझिक?”

“लग्नपत्रिका.”

“ओह. क्रिएटिव्ह.”

हा शब्द मी घडी घालून खिशात ठेवला. मग हळूच विचारलं, “यावर विंडोज चालेल ना?” पोराचा चेहरा असा झाला, जणू मी मठात जाऊन बोंबील आहेत का म्हणून विचारतोय. “सर,” तो म्हणाला, “एकदा मॅक वापरलात की विंडोजची आठवणसुद्धा येणार नाही.” बिजवराला मध्यस्थ हेच सांगतो. मी रंग निवडण्यात पाऊण तास घालवला.

घरी आणल्यावर पूजा झाली. आईनं हळद-कुंकू वाहताना झाकणाकडे निरखून पाहिलं. “हे सफरचंद उष्टं का रे?”

“ते त्यांचं चिन्ह आहे, आई.”

“असेल. पण उष्टं फळ देवापुढे चालत नाही.” तिनं स्वस्तिक मागच्या बाजूला काढलं, तेही चार्जरवर. आजतागायत त्या सगळ्या सामानातला एकच भाग विनातक्रार चाललाय, तो चार्जर.

रात्री सगळे झोपल्यावर मी कळ दाबून धरली. काही झालं नाही. दुसरी दाबली. मग दोन्ही. अकरा वाजता भाच्याला फोन लावला.

“मामा, तुझ्यात चिप कुठली आहे?”

“एम लिहिलंय.”

पलीकडे बराच वेळ शांतता. “मामा, माझा 2015 चा आहे.”

मग कळलं की 2020 च्या नोव्हेंबरपासून अ‍ॅपलनं इंटेलला नारळ देऊन स्वतःच्या चिपा घालायला सुरुवात केली आणि त्या नव्या मॅकवर बूट कॅम्प नाही. म्हणजे माझा सल्लागार बंद पडलेल्या गाडीचं वेळापत्रक वाचून दाखवत होता.

“अरे, मग हे घ्यायच्या आधी का नाही सांगितलंस?”

“तू रंग विचारलास, मामा. चिप नाही विचारलीस.”

पण त्यानं दुसरा मार्ग काढला. व्हर्च्युअल मशीन. म्हणजे मॅकच्या आत एक खोटा संगणक उभा करायचा आणि त्यात विंडोज ठेवायचं. बाकीच्यांना ही कल्पना समजायला वेळ लागतो म्हणे. मला एका वाक्यात समजली, कारण मी वाड्यात वाढलोय. हा पोटभाडेकरू. आमचा गाळा ज्या वाड्यात आहे, तिथे मूळ मालकानं एक भाडेकरू ठेवला. त्या भाडेकरूनं ‘दोन महिन्यांचाच प्रश्न आहे’ म्हणून एक पोटभाडेकरू घेतला. पोटभाडेकरूनं आधी एक खोली घेतली, मग जिन्याखालची जागा, मग नळ. आज मालक कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतात, मूळ भाडेकरूचा पत्ता नाही आणि पोटभाडेकरूचं कुटुंब वाड्यात ठाण मांडून बसलंय. तो पोटभाडेकरू म्हणजे माझे वडील.

त्यामुळे पडद्यावर प्रश्न आला, ‘याला किती मेमरी द्यायची?’, तेव्हा मी परंपरेला जागून म्हटलं, निम्मी. आठातली चार दिली. डिस्क 256 होती, त्यातलीही निम्मी दिली. मग पाहुण्याला अँटीव्हायरस हवा म्हणून तो विकत आणला. मॅकला व्हायरसची फारशी भीती नाही, हे मॅक घेण्याचं भाच्यानं सांगितलेलं तिसरं कारण होतं. शेवटी पाहुण्याला मोकळं वाटावं म्हणून त्याचा पडदा पूर्ण आकाराचा केला, आणि वर जुनं चित्र लावलं. हिरवी टेकडी, निळं आभाळ, पांढरे ढग.

सकाळी बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे बघत उभी राहिली.

“अहो, हा तर आपलाच.”

“तो आत आहे. बाहेर मॅक आहे.”

“मग बाहेरचा कधी दिसतो?”

“बंद करताना.”

ती काही बोलली नाही. कप ठेवताना मात्र तिनं खाली कागद घातला. जुन्या संगणकाच्या वेळी घालत नसे. (जाता जाता, त्या टेकडीचा फोटो कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातला, आणि 2023 मध्ये अ‍ॅपलनं आपल्या नव्या प्रणालीला नाव दिलं तेही सोनोमाच. म्हणजे मी विंडोजची टेकडी लावली तरी गाव मॅकचंच होतं. हा विचार मला त्या दिवसात फार आधार देऊन गेला. इतर आधार नव्हते.)

पेजमेकर आत उघडला. मला भरून आलं. पहिला कागद घेतला आणि कॉपी करायला गेलो, तेव्हा घराला दोन मजले आहेत हे हातांना कळलं. मॅकमध्ये कॉपी करायची तर अंगठ्यानं कमांड. विंडोजमध्ये करंगळीनं कंट्रोल. वरच्या मजल्यावर अंगठा, खालच्या मजल्यावर करंगळी, आणि जिन्यात मी. दोन दिवसांनी एका बारशाच्या आमंत्रणात मी बाळाचं नाव पेस्ट करायला गेलो आणि तिथे अँटीव्हायरसच्या पावतीचा नंबर पडला. तो प्रूफातून सुटला असता. आत्यानं हटकलं म्हणून वाचलो.

त्याहून मोठा घोळ आकड्यांचा. आमच्या जुन्या फाँटमध्ये अवघड जोडाक्षर आणायचं तर ऑल्ट दाबून चार आकडे ठोकायचे. हे आकडे पाटीवरच्या पाढ्यांसारखे पाठ असतात. मला बायकोचा वाढदिवस विचारला तर मी क्षणभर थबकेन, पण ‘द्ध’चा नंबर झोपेत सांगेन. मॅकबुकला उजवीकडचा आकड्यांचा पट्टाच नाही. ‘शुद्ध’, ‘सिद्धी’, ‘वृद्धी’ एका झटक्यात गेले. लग्नसराईत सिद्धीविना डीटीपीवाल्यानं काय करायचं? पट्टा वेगळा आणला. त्याची पिन रुंद, मॅकची भोकं चिंचोळी. मग हब आणला. हबला एकीकडून पट्टा, दुसरीकडून पेनड्राइव्ह, तिसरीकडून प्रिंटर, मधे कुलूप म्हणून लॉक. वजनानं हलकं, सडपातळ, म्हणून ज्याचं कौतुक, तो मॅक आता दोन्ही बाजूंनी मुंडावळ्या सोडून बोहल्यावर उभ्या नवऱ्यासारखा दिसायला लागला.

आणि लॉक लागेना.

इथे मला थोडं शास्त्र सांगावं लागतंय, कारण त्या रात्री मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. नव्या मॅकच्या चिपवर जे विंडोज बसतं, ते एआरएम जातीचं. आपली जुनी सॉफ्टवेअरं इंटेलची भाषा बोलणारी. त्यासाठी विंडोजनं आत एक दुभाष्या ठेवलाय. पेजमेकर जुन्या भाषेत बोलतो, दुभाष्या भाषांतर करतो, काम भागतं. पण लॉकसारख्या वस्तूशी बोलायला लागतो तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरला दुभाष्याची सोय नाही. त्यानं एआरएमचीच भाषा शिकून यायला हवं. दुभाष्या दिवाणखान्यापर्यंत येतो, माजघरात त्याला प्रवेश नाही. आणि माझी किल्ली माजघरात.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. “कुठली आवृत्ती?” मी सांगितली. फोनवरच्या मुलीनं तो आकडा मोठ्यानं म्हटला, मग मागे कुणालातरी विचारलं, मग एक म्हातारा आवाज फोनवर आला आणि अतिशय मायेनं म्हणाला, “अजून चालतंय तुमच्याकडे?” पुढची पाच मिनिटं आम्ही जुन्या दिवसांबद्दल बोललो. लॉकचा विषय निघाला नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून पेजमेकरची कुळकथा वाचत बसलो आणि उठून बसलो. हा पेजमेकर जन्माला आला तोच मॅकवर! 1985 साल. अल्डस नावाच्या कंपनीनं काढला. पंधराव्या शतकातला व्हेनिसचा मुद्रक अल्डस मनुशियस, त्याचं नाव कंपनीला. विंडोजवर तो आला 1987 मध्ये. तेव्हा लोकांकडे विंडोज कुठलं? म्हणून अल्डसनं पेजमेकरच्या खोक्यातच जरुरीपुरतं विंडोज घालून दिलं. आंधळ्या सुनेबरोबर मोलकरीण पाठवावी तसं. एक्सेलची तीच कथा. 1985 मध्ये आधी मॅकवर, दोन वर्षांनी विंडोजवर. म्हणजे मी इतके दिवस जे करत होतो ते सासुरवाशिणीला माहेरी नेणं होतं, आणि माहेरचे दार उघडेनात. मॅकसाठीचा पेजमेकर सातव्या आवृत्तीपर्यंत होता, पण तो इतक्या जुन्या मॅकसाठी की आताचा मॅक त्याला ओळखसुद्धा देत नाही. लेकीनं दारात उभं राहून सांगायचं, “अहो, मी इथलीच,” आणि नव्या वहिनीनं साखळी न काढता म्हणायचं, “आम्ही आत्ताच राहायला आलोय.”

आणखी वाचलं तेव्हा एकटेपणा जरा कमी झाला. 1994 मध्ये खुद्द अ‍ॅपलनंच क्वाड्रा 610 नावाच्या मॅकमध्ये इंटेलचा 486 जातीचा तुकडा बसवून, डॉस चालवणारा मॅक म्हणून विकला होता. पोटभाडेकरू ठेवायची खोड मूळ मालकाचीच. 1997 मध्ये बोस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्सनी मायक्रोसॉफ्टकडून 15 कोटी डॉलर आल्याचं जाहीर केलं आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्सचं तोंड झळकलं, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो उडवली होती. माझ्या मॅकवर विंडोजचं चिन्ह उगवतं तेव्हा भाच्याचा चेहरा तसाच होतो. फरक एवढाच की जॉब्सना त्या पडद्याचे पैसे मिळाले.

दिवाळी अंक मात्र तोंडावर आला होता. शेवटी माळ्यावरून जुना संगणक उतरवला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं झाकण काढलं, फुंकर मारली, रुपयाच्या नाण्याएवढा सेल नखानं उचकटला आणि दुसरा बसवला.

“झालं साहेब.”

“म्हणजे? एवढंच होतं?”

“सेल उतरला होता. तारीख विसरत होता तो. म्हणून सुरुवातीला अडत होता.”

“किती झाले?”

“चाळीस द्या.”

पावती मागितली नाही. घरात कागद सापडतात.

आता प्रश्न असा की चाळीस रुपयांत बरा झालेला संगणक टेबलावर ठेवला तर लाखाचा मॅक कुठे ठेवायचा? भाच्यानं तोडगा काढला. जुना डबा टेबलाखाली, वर कापडाचा झिरमिळ्यांचा पडदा. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. तो खाली घरघरतो, लॉक त्याच्याच पाठीला, आणि त्याच्या पोटातला पडदा नेटवर्कवरून वर मॅकवर दिसतो. मी मॅकवर टाइप करतो, काम खाली होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवाव्यात मॅकला, आणि गाणारा विंगेत बसलेला. पोटभाडेकरूला दिलेली निम्मी जागा मी परत घेतली. तो गेला नाही. फक्त तळघरात राहायला गेला.

त्या मॅडम? त्या कधी आल्याच नाहीत. “पीडीएफ पाठवा,” एवढंच म्हणाल्या. पीडीएफ कुठल्या संगणकावर झाली हे बघून कळत नाही. दर त्यांनी दुप्पट दिला हे कबूल करतो. हिशेबानं आणखी अकरा दिवाळ्यांत मॅकचे पैसे वसूल होतील.

मॅक समोर बसून रोज पाहणारं माणूस एकच आहे. एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या कवितासंग्रहाचा चौथा भाग माझ्याकडे लागतोय, स्वखर्चानं. पूर्वी ते माझ्या माऊसवर हात ठेवत. आता स्टूल दोन वीत मागे घेऊन बसतात.

“खरं सांगू का,” परवा ते प्रूफ डोळ्यांपासून लांब धरत म्हणाले, “मॅकवर घेतल्यापासून माझ्या मुक्तछंदाला एक शिस्त आली आहे. अक्षर कसं उठून दिसतंय बघा. जुन्या यंत्रावर हे नव्हतं.”

“नाही सर. जुन्याचं काही खरं नव्हतं.”

खालून डबा जोरात घरघरला. सरांनी पडद्याखाली पाय सरकवून चाचपलं.

“हे काय आहे हो खाली? छान ऊब लागतेय पायाला.”

“मॅकचंच आहे,” मी म्हणालो. “सोबत येतं.”

“बारीकसारीक विचार करतात बुवा हे लोक,” सर म्हणाले, आणि चपला काढून त्यांनी दोन्ही पाय नीट त्यावर ठेवले.